निळी तिपाई

माझ्या सगळ्या नोकरीत मी डॉक्टरांना घाबरले नाही, मेट्रनला घाबरले नाही, मढ्याला तर मुळीच नाही. घाबरले ती एका तिपाईला. साधी लाकडी तिपाई, निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली. तिचा एक पाय जरासा आखूड होता, त्यामुळे फरशीवर टेकवली की टक् असा आवाज यायचा. तो आवाज आला की आमच्या पुरुष वॉर्डातलं बोलणं बंद पडायचं. खोकणारेसुद्धा तोंडावर हात धरायचे.

तिपाई बाईंची होती. बाई म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. पालघर-बोईसर रस्त्यापासून थोडं आत एका ट्रस्टचं ते छोटं हॉस्पिटल होतं. कुणाला मीठ बंद, कुणाला तेल बंद, कुणाला नुसतं पातळ, हे डॉक्टर सांगायचे. ते तसं शिजवून त्या त्या रोग्याच्या पोटात जाईपर्यंतची काळजी बाईंची. त्यांचं नाव पगाराच्या दिवशी कधीतरी पुकारलं जात असेल, पण एरवी कुणी घेतलं नाही. त्या मूळच्या कुठल्या, घरी कोण असतं, हेही कुणी विचारलं नाही. विचारायची छाती कुणाची होती?

उंच, काटकुळ्या, पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. कमरेला लोक किल्ल्या लावतात तसा बाईंनी एक चमचा लावलेला असायचा, दोरीने बांधून. जगातल्या प्रत्येकाला त्या अहो-जाहो करायच्या. डॉक्टरांना अहो, भांडी घासणाऱ्या पोरीला अहो, गोवर झालेल्या तीन वर्षांच्या मुलालासुद्धा, "अहो, गिळा आता, किती वेळ गालात धरून बसाल?" स्वयंपाकघरामागे एक लंगडा कुत्रा यायचा. त्याला त्या म्हणायच्या, "अहो, आज उशीर केलात." आम्ही नर्सा तोंडात पदर कोंबून हसायचो, पण त्या कॉरिडॉर ओलांडून दिसेनाशा झाल्यावरच.

दुपारी जेवणं झाली की उष्ट्या ताटांची ढकलगाडी स्वयंपाकघराकडे परत जायची. त्या वेळी बाई मागच्या दाराशी डोळे मिटून उभ्या असत. रिकामी ताटं खडखडत येतात आणि भरलेली ताटं मुकी येतात, असं त्यांचं म्हणणं. गाडी खडखडत आली की त्यांचे खांदे खाली यायचे. मुकी आली की चेहरा पांढरा पडायचा आणि त्या प्रत्येक ताट उचलून बघायच्या, वास घ्यायच्या, कुणाचं म्हणून विचारायच्या. एकाने खिचडी खिडकीतून कावळ्यांना टाकली होती, तेही त्यांनी ओळखलं. आचारी तर गाडीचा आवाज आला की देवाचं नाव घ्यायचा.

आता तिपाईचं सांगते. बाईंची एक सवय होती. रोज सकाळी वॉर्डातून फेरी मारताना त्या एक रोगी निवडायच्या आणि त्या दिवशी त्याला जे जेवण असेल तेच स्वतः जेवायच्या. तो दुधावर असला तर ह्या दुधावर. त्याचं मीठ बंद, तर ह्यांचंही बंद. एकदा तर ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या एका रोगिणीसाठी ह्या दिवसभर उपाशी राहिल्या आणि संध्याकाळी जिन्यात भोवळ येऊन बसल्या. जेवणाच्या वेळी एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात तिपाई घेऊन त्या यायच्या, त्या रोग्याच्या खाटेपाशी टक् करून तिपाई मांडायच्या आणि म्हणायच्या, "मला भूक लागली आहे, म्हणून बसले. तुमचा काही संबंध नाही." मग कमरेचा चमचा सोडून जेवायला लागायच्या. रोग्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. पण तो चार घास खाईपर्यंत उठायच्याही नाहीत.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. घाबरण्यासारखं हे की बाई ज्याच्यापाशी बसायच्या तो बहुतेक वेळा मरायचा.

मी नोकरीला लागले त्या आठवड्यातच मला हे कानात सांगितलं गेलं. सांगणारी जुनी आया होती. "पोरी, ज्याच्या खाटंला तिपाय लागली, त्याची चादर बदलायला तयार ऱ्हायचं." मी शिकलेली, नवा कोरा पट्टा कमरेला, मी हसले. मग महिन्याभरात दोनदा माझ्या हातून चादर बदलली गेली. तिसऱ्यांदा टक् आवाज आला तेव्हा माझ्या हातातलं थर्मामीटर फुटलं.

ही गोष्ट हॉस्पिटलच्या बाहेर कधीच गेली होती. नातेवाईक रोग्याला दाखल करतानाच विचारायचे, "ती बाई आज कुठं बसली?" बारा वाजत आले की खाटांभोवती माणसं दाटीवाटीने उभी राहायची, तिपाई टेकवायला जागाच राहू नये म्हणून. कुंभवलीत खोली घेऊन राहणारा एक उत्तरेकडचा कामगार काविळीने पडला होता. बाई त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्यासाठी आल्या, पण तिपाई मांडली दोन खाटांच्या मध्ये. हा पठ्ठ्या हॉस्पिटलच्या कपड्यांत, अनवाणी, थेट रिक्षास्टँडपर्यंत पळाला. धरून आणला तेव्हा माझे हात धरून रडला. "सिस्टर, उनको बोलो मैं अकेला खाएगा. सब खाएगा. उधर बैठने का नहीं." त्यानंतर तो ताट असं चाटूनपुसून ठेवायचा की घासायची गरज पडू नये. बाईंना त्याचं फार कौतुक वाटायचं.

एकीला मात्र कसलीच भीती वाटली नाही. डोंगरातल्या पाड्यावरून सुकून काडी झालेलं पोर घेऊन एक आई आली होती. बाई तिपाई घेऊन बसल्या, तशी तिने बाईंच्या ताटातला मऊ भात सरळ उचलला आणि पोराला भरवायला लागली. बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी आपलं ताट तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः रिकाम्या हाताने बसून राहिल्या. ते पोर जगलं. पण जगलेली माणसं आपली बोचकी उचलून घरी जातात, त्यांचा हिशेब कोण ठेवतं? मेलेल्यांचा मात्र सगळ्या वॉर्डाला पाठ असतो.

बाईंच्या कानावर हे कधी गेलं होतं की नाही, मला कळायचं नाही. त्यांच्या तोंडावर काही दिसायचं नाही.

आणि मग माझे बाबा त्या वॉर्डात आले.

आम्ही किनाऱ्यावरच्या नवापूरचे, मासेमारीचं घर. बाबा तांडेल, म्हणजे होडीवरच्या माणसांचे म्होरके. त्यांच्या आवाजाने पोरं झोपेतून उठायची. तो माणूस टायफॉइडने असा खंगला की मी, त्यांची मुलगी, ड्युटीवर असताना त्यांच्याकडे सरळ बघू शकत नव्हते. ताप हळूहळू उतरत होता, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "धोका आत्ताच आहे. आतडं आता ओल्या कागदासारखं झालंय. घट्ट काहीही पोटात गेलं आणि ते फाटलं, तर इथे आपल्या हातात काही नाही. मुंबईला पोचेपर्यंत माणूस राहत नाही." म्हणून बाबांना नुसतं पातळ चालू होतं. पेजेचं पाणी, गाळलेलं ताक, बार्ली. बाबा ते बघून तोंड फिरवायचे. "ह्ये काय मानसाचं खानं हाय?" म्हणायचे. त्यांचं ताट मुकं परत जात होतं, आणि मागच्या दाराशी बाई उभ्या होत्या हे मला ठाऊक होतं.

एका सकाळी फेरी संपवून बाई माझ्यापाशी थांबल्या. "अहो सिस्टर, आज मी सात नंबरपाशी बसते."

सात नंबर म्हणजे बाबा.  शरीरशास्त्र शिकलेली मी, ट्रे टेबलावर ठेवला आणि टेबल धरून उभी राहिले. "बाई, नको," असं म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "बरं."

आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिने सगळं ऐकलं. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. तेवढ्यात मला स्त्रियांच्या वॉर्डात सलाइन लावायला बोलावलं आणि मी गेले.

आमच्या घरी एक रीत होती. माणूस फार दिवस अंथरुणाला खिळला की त्याचं अंथरूण त्या जागेवरून उचलून दुसऱ्या कुडाशी घालायचं. म्हणजे जे यायचं ते जुन्या जागी येतं, माणूस सापडत नाही आणि हात हलवत परत जातं. माझ्या धाकट्या काकाला असंच वाचवलं, असं आजी सांगायची. आईने तेच केलं. नऊ नंबरच्या खाटेवर पालघरजवळच्या माहीमचा एक बागवाला होता, माडावरून पडून हात मोडलेला, बाकी ठणठणीत. आईने त्याच्या पुढे हात जोडले. "भावा, थोडा वेळ खाटा बदलूया. ती बाई येऊन गेली की परत देते." तो बिचारा भला माणूस. "जा गो, माझं काय जातंय," म्हणाला आणि उठून सात नंबरवर जाऊन आडवा झाला. शेजारच्या रोग्यांच्या दोघा नातेवाइकांनी धरून बाबांना नऊ नंबरवर निजवलं.

आणि ताटं आली. ताटं खाटेच्या नंबरावर यायची. वाढणारा मुलगा नंबर बघायचा, माणसाचं तोंड नाही. सातवर पेजेचं पाणी ठेवलं गेलं. नऊ नंबरला पुरं जेवण होतं, पोळ्या, चवळीची उसळ, भात.

आईला आतड्याचं काय माहीत? तिला दिसलं एवढंच की जागा बदलली आणि समोर माणसाचं जेवण आलं. बाबांनी वास घेतला आणि उठून बसायला बघू लागले. कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतःहून ताटाकडे हात नेला होता. आईला रडू फुटलं. "देवा, पावलास रे," म्हणत तिने पोळीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि आपल्या हाताने त्यांना भरवायला लागली.

मी सलाइन लावून परत येत होते. माझ्या पुढे बाई चालल्या होत्या, हातात तिपाई आणि पेजेच्या पाण्याची वाटी. सात नंबरपाशी त्यांनी तिपाई टेकवली. टक्. खाटेवर मोडक्या हाताचा बागवाला पेजेकडे बघत ओशाळून हसत होता. बाईंनी मान वर केली आणि त्यांना नऊ नंबर दिसला.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या हातातली वाटी सुटली आणि सगळं पाणी पांढऱ्या पातळावर सांडलं. त्या नऊ नंबरपाशी गेल्या, बाबांच्या तोंडाशी पोचलेला आईचा हात धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "पुरे. पुरे हो आता." मग माझ्याकडे वळून, तशाच हळू आवाजात, "डॉक्टरांना बोलवा. पळा."

मी पळाले. मला फक्त एवढंच आठवतं की ताटातली अर्धी उसळ संपली होती.

डॉक्टरांनी बाबांचं पोट दाबून पाहिलं. "आता पाण्याचा थेंबही नाही. सलाइन लावा. पोट लाकडासारखं कडक झालं, नाडी धावायला लागली, तर लगेच सांगा." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि गाडी तयार ठेवा." त्यांनी मला धीर दिला नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं. खोटा धीर नर्सला लगेच ओळखू येतो.

आईला मी सगळं सांगितलं तेव्हा तिने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, ज्या हाताने भरवलं होतं त्याकडे. ती रडलीही नाही. आणि त्याच वेळी मागून आवाज आला, टक्. बाईंनी तिपाई सात नंबरपासून उचलून नऊ नंबरपाशी आणली होती.

आई वाघिणीसारखी उठली आणि मध्ये उभी राहिली. "हितं पन आली! बाय, तुज्या पाया पडते, जा गो हितून. माज्या मानसाला सोड."

 बाईंच्या पातळावर पेज वाळत होती. त्या म्हणाल्या, "अहो, मी नको तर तुम्ही बसा तिपाईवर. पण कुणीतरी बसायला हवं. मला भीती वाटते आहे."

"तुला भ्या वाटतं?"

"रोज वाटतं. ज्याची सगळ्यात जास्त वाटते त्याच्यापाशी बसते."

  इतकी वर्षं सगळ्यांनी ते उलटं वाचलं होतं. मरण तिपाईच्या मागून येत नव्हतं, बाईच मरणाच्या चाहुलीने तिपाई घेऊन धावत होत्या. पण खरं सांगते, त्या क्षणी हे कळून माझी भीती कमी झाली नाही, वाढली. कारण बाईंचा अंदाज सहसा चुकत नसे.

आई बाजूला झाली आणि तिपाईच्या पायाशी फरशीवर बसली. बाई वर, आई खाली. बाबांचे ओठ सुकले होते. ते पाणी मागत होते, खुणेने, मग शिव्या देऊन, मग लहान मुलासारखं. मी दर थोड्या वेळाने पोटावर हात ठेवायची. मऊ आहे का? मऊच आहे ना? आपल्याच मनाला विचारून विचारून मला काही कळेनासं झालं. बाई त्या दुपारपासून काही जेवल्या नाहीत आणि पाणीही प्यायल्या नाहीत. माझ्या लक्षात आलं नव्हतं, आईच्या आलं. संध्याकाळी तिने बाईंपुढे पाण्याचा पेला धरला. बाईंनी बाबांकडे बोट दाखवून मान हलवली. आईने पेला खाली ठेवला आणि मग तिनेही पाण्याला तोंड लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोट दाबलं, पुन्हा दाबलं, आणि म्हणाले, "एक चमचा पाणी द्या. बघू." बाईंनी कमरेचा चमचा सोडला, बाबांना पाजलं. मग एक चमचा स्वतः घेतला, आणि तिसरा आईच्या तोंडाशी नेला. "मला तहान लागली होती," त्या आईला म्हणाल्या, "तुमचा काही संबंध नाही."

बाबा वाचले. ते पुढे कित्येक वर्षं होडीवर गेले आणि पेज कुणी वाढली तर ताट भिरकावायचे.

यानंतर तिपाईची भीती गेली असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आमच्या वॉर्डाला ओळखत नाही. लोकांनी अर्थ काढला तो असा की तांडेलाने खाट बदलली म्हणून तो सुटला. बाई दिसल्या की खाटांची अदलाबदल सुरू झाली. एका दुपारी मला अर्धा वॉर्ड जागचा हललेला सापडला.  बाईंनी त्याच दिवशी स्वयंपाकघरातून रंगीत दोरे आणले आणि प्रत्येक रोग्याच्या मनगटाला बांधले, पातळ जेवणाला पांढरा, बिनमिठाला लाल, पुऱ्या जेवणाला हिरवा. वाढणाऱ्या मुलाला सांगितलं, "अहो, खाट बघू नका, हात बघा." ती पद्धत बाई असेपर्यंत चालली.

पुढे बाईच आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, बरं होण्यातलं नव्हतं. स्त्रियांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. मनगटाला पांढरा दोरा मीच बांधला. त्यांचं ताट मुकं परत जायला लागलं. त्या पडल्या पडल्या गाडीचा आवाज ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आज गाडी जड चालली आहे." ती कुणाच्या ताटामुळे जड आहे हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

कुणीतरी बसायला हवं होतं. पण ती तिपाई त्यांच्या खाटेपाशी नेऊन मांडायची कुणी? आया नाही म्हणाली, आचारी नाही म्हणाला. मी दोनदा तिपाई उचलली आणि दाराशी जाऊन परत आणून ठेवली. त्यांच्या कानात तो टक् आवाज माझ्या हातून पडावा, एवढं माझं काळीज घट्ट नव्हतं.

घरी आईला बोलता बोलता हे सांगितलं. बाबा तोवर गेले होते.  दुसऱ्या दिवशी आई नवापूरहून एसटीने आली, थेट स्वयंपाकघरात गेली, बाईंच्या ताटासारखंच ताट मागून घेतलं, कोपऱ्यातली निळी तिपाई काखेत मारली आणि वॉर्डात शिरली. मी मागे धावले, पण उशीर झाला होता. टक्.

बाईंनी डोळे उघडले. आधी आईकडे पाहिलं नाही, तिपाईकडे पाहिलं. त्यांचा चेहरा गाडी मुकी आल्यावर व्हायचा तसा झाला. "ही कुणापाशी ठेवतात ते मला ठाऊक आहे हो," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून ठाऊक होतं." मग अगदी बारीक आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी एकेरी हाक मारत, "मी जाणार का गं?"

आईचे डोळे भरले होते, पण आवाज नाही हलला. तिने पेजेच्या पाण्यात चमचा बुडवला, स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मना भूक लागलीय, म्हनून बसलीय. तुजा काय संबंध नाय."

 बाईंनी हात लांब करून आपल्या पेजेची वाटी जवळ ओढली.